सोळाशे मीटर आणि हृदयाची मोट

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं. ते अंतर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी पुरं केलं, तर त्या प्रकाराचे २० पैकी २० गुण मिळतात. मुलींना ८०० मीटर असतात आणि पूर्ण गुणांची वेळ २ मिनिटं ५० सेकंद. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावागावांत हे आकडे पोरांना तोंडपाठ असतात. पहाटे कालव्याकडेच्या रस्त्यानं किंवा शाळेच्या मैदानावर धावणारी भरतीची पोरं एकमेकांना भेटली, की पहिला प्रश्न हाच: ‘‘सोळाशेला टायमिंग किती?’’

बहुतेकांचा सराव म्हणजे रोज सोळाशे मीटर, रोज हातात घड्याळ आणि रोज जीव तोडून पळणं. पहिले दोनएक महिने वेळ झपाट्यानं उतरते आणि मग कुठल्यातरी आकड्यावर, समजा पावणेसहा मिनिटांवर, अडून बसते. मग बूट बदलले जातात, पावडरचे डबे आणले जातात, अकॅडमी बदलली जाते. पण अडलेलं असतं दुसरीकडेच.

५ मिनिटं १० सेकंदांत सोळाशे म्हणजे ४०० मीटरचा प्रत्येक राउंड साधारण साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. वेग ताशी साडेअठरा किलोमीटर. एवढ्या वेगानं पाच मिनिटं धावायला लागणाऱ्या ऊर्जेपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा प्राणवायू वापरून तयार होते. उरलेली प्राणवायूशिवाय तयार होते आणि शेवटच्या राउंडला मांड्या पेटल्यासारख्या होतात त्या हिच्यामुळे. म्हणजे सोळाशे ही दिसायला वेगाची परीक्षा असली, तरी मुख्यतः ती शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकतं याची परीक्षा आहे. या कमाल क्षमतेला शास्त्रज्ञ व्हीओटू मॅक्स म्हणतात आणि ती किलोमागे, मिनिटामागे मिलिलिटरमध्ये मोजतात. व्यायाम न करणाऱ्या तरुण पुरुषात ती चाळिशीच्या आसपास असते. पूर्ण गुण काढणाऱ्याची पन्नाशीच्या बरीच वर असावी लागते.

ही क्षमता कशावर ठरते, याचं सूत्र अडॉल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८७० सालीच मांडलं होतं. हृदयानं मिनिटाला किती रक्त फेकलं आणि त्या रक्तातून स्नायूंनी किती प्राणवायू उचलला, या दोहोंचा गुणाकार. निरोगी तरुणाची फुप्फुसं क्वचितच कमी पडतात. ‘छाती भरून आली’ असं आपण म्हणतो खरं, पण अडचण बहुधा हृदयाच्या फेकीत असते.

जुन्या माणसांना मोट आठवत असेल. विहिरीतून दिवसात किती पाणी निघणार, हे दोन गोष्टींवर ठरायचं: बैलांच्या खेपा किती आणि मोट केवढी. हृदयाचंही तेच आहे. खेपा म्हणजे नाडीचे ठोके. मोट म्हणजे एका ठोक्याला डाव्या जवनिकेतून बाहेर पडणारं रक्त. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला ७० ठोके देतं, दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त फेकतं, म्हणजे मिनिटाला पाच लिटरच्या आसपास. जिवाच्या आकांतानं धावताना सराव नसलेल्या एकवीस वर्षांच्या पोराची नाडी १९५ ते २०० पर्यंत जाते आणि एका ठोक्याला १०० मिलिलिटरच्या आसपास रक्त निघतं. झाले वीस लिटर. कसलेल्या धावपटूचीही कमाल नाडी तेवढीच असते, किंबहुना जराशी कमीच. पण तो ठोक्याला १५० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त फेकतो, म्हणून त्याचे तीस लिटर होतात. कमाल नाडी सरावानं वाढत नाही, ती वयानं ठरते आणि वयाबरोबर उतरते. वाढवता येते ती मोट. इंटरव्हलच्या, म्हणजे मध्ये विश्रांती घेत तुकड्यांत जोरानं करायच्या व्यायामाचं सगळं शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरतं.

मोट मोठी होते कशी? नाडी ७२ असते तेव्हा एका ठोक्याचं चक्र सेकंदाच्या आठ दशांशांहून थोडं जास्त चालतं आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ हृदय सैल पडून भरत असतं. नाडी १८० झाली, की सगळं चक्र सेकंदाच्या एक तृतीयांशात आटपतं. भरायला त्याच्या निम्मासुद्धा वेळ धड उरत नाही. त्याच वेळी मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळून रक्ताचा लोंढा परत पाठवत असतात. म्हणजे कमी वेळात जास्त रक्त घ्यायचं, भिंती ताणायच्या आणि ताणल्या तितक्याच जोरानं आवळायच्या. हे हृदयाला पुन्हापुन्हा करायला लावलं, की ते बदलतं. जवनिकेची पोकळी थोडी वाढते, भिंत त्या मानानं मजबूत होते, आकुंचनानंतर सैल पडण्याचा वेग वाढतो. घाम काढणाऱ्या साध्या मेहनतीनंही यातलं काही होतं. पण जितका वेळ आपण कमाल क्षमतेच्या जवळ राहतो, तितका हा ताण जास्त.

रोजच्या सोळाशेची गोची इथेच आहे. पळायला सुरुवात केली की प्राणवायूचा वापर लगेच कमालीवर पोचत नाही. तिथे जायला दीड-दोन मिनिटं लागतात. साडेपाच मिनिटांत धाव संपते, म्हणजे वरच्या पातळीवर मिळतात जेमतेम साडेतीन मिनिटं. तोवर पोरगं इतकं पिळून निघतं, की त्या दिवशी दुसरं काही होत नाही. उलट वेग जरासा कमी ठेवून चार मिनिटं धावा, तीन मिनिटं हळू जॉगिंग करा, पुन्हा चार मिनिटं, असं चारदा केलं, तर वरच्या पातळीवर आठ-दहा मिनिटं निघतात. म्हणजे हृदयाला जवळजवळ अडीच पट काम.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात नेमकं हेच तपासलं गेलं. २००७ साली हेल्गेरूड आणि सहकाऱ्यांनी ४० तरुणांना चार गटांत विभागलं आणि आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा पळवलं. एकूण मेहनत सगळ्यांची जवळपास सारखी होती, मांडणी तेवढी वेगळी. कुणी सलग हळू, कुणी सलग जरा वेगानं, कुणी १५ सेकंद वेगात आणि १५ सेकंद संथ, तर कुणी कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार-चार मिनिटांचे चार टप्पे. सलग धावणाऱ्या दोन्ही गटांची क्षमता फारशी हलली नाही. तुकड्यांत धावणाऱ्यांची ५ ते ७ टक्क्यांनी वाढली आणि ठोक्यामागचं रक्त सुमारे १० टक्क्यांनी वाढलं. हे तरुण मुळातच बऱ्यापैकी सराव असलेले होते. नवख्याची क्षमता साध्या सलग धावण्यानंही वाढते, म्हणूनच भरतीच्या पोरांचे पहिले दोन महिने छान जातात.

मधल्या सावकाश पळण्याला आपल्याकडे फारशी किंमत नाही. प्रशिक्षक बघत असेल तर चालणाऱ्या पोराला लाज वाटते. पण सगळी युक्ती त्या विश्रांतीतच आहे. १९३० च्या दशकात फ्रायबुर्गचे हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल आणि प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर यांनी नियम बांधला: छोट्या धावेनं नाडी १८० पर्यंत न्यायची आणि दीड मिनिटाच्या आत ती १२० ते १२५ पर्यंत उतरली तरच पुढची धाव. न उतरली तर आधीची धाव फार जोरात झाली किंवा आजचा कोटा संपला. त्यांचा धावपटू रुडॉल्फ हार्बिग यानं १९३९ साली मिलानमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून विश्वविक्रम केला. हृदय विश्रांतीच्याच वेळी वाढतं, हे राइन्डेलचं म्हणणं आज कुणी जसंच्या तसं धरत नाही. त्याचा नियम मात्र बिनखर्चाचा आणि अजूनही कामाचा आहे. बोटं मनगटावर ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारनं गुणा, एवढंच.

विश्रांतीत बसून मात्र राहायचं नाही. धावताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की ते रक्त पायांतच साचतं, हृदयाकडे कमी येतं आणि भोवळ येते. शर्यत संपताच रेषेपलीकडे आडवी पडणारी पोरं आपण पाहतो. त्यांना उठवून चालवणं हाच उपाय. हळू जॉगिंगनं, प्राणवायूशिवाय ऊर्जा तयार होताना रक्तात साचलेलं लॅक्टेटही लवकर निवळतं.

हे सगळे बदल एकाच वेळी होत नाहीत. पहिला बदल रक्तातल्या पाण्याचा. आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तरसाचं प्रमाण वाढतं, हृदयाकडे परतणारं रक्त वाढतं आणि त्याच वेगाला नाडी काही ठोक्यांनी खाली येते. ‘आता दम कमी लागतो’ हे पोरांना लवकर जाणवतं ते त्यामुळे. त्याच सुमारास स्नायूंच्या पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे भाग, वाढू लागतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांनी दोन आठवड्यांत केवळ सहा सत्रं घेऊन, दर सत्रात सायकलवर ३० सेकंदांच्या चार ते सात झपाट्यांनी, हे दाखवलं होतं. तांबड्या पेशी वाढायला अनेक आठवडे लागतात. हृदयाची पोकळी आणि भिंत बदलायला महिने. भरतीची जाहिरात आल्यावर मैदानात उतरणाऱ्याला पहिले दोन बदल मिळतात, पुढचे मिळत नाहीत.

जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या नावानं ‘चार मिनिटांत फिट’ असे व्हिडिओ मोबाइलवर ढिगानं मिळतात. १९९६ च्या त्यांच्या मूळ प्रयोगात २० सेकंद जोर आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या होत्या, पण तो जोर कमाल प्राणवायूच्या १७० टक्क्यांइतका, सायकलवर, तरुण खेळाडूंवर. सातव्या-आठव्या फेरीला माणूस पायडल मारू शकत नाही, इतका. घरात गाण्यावर चार मिनिटं उड्या मारणं वाईट नाही. तो ताबाताचा प्रयोग मात्र नव्हे.

आता याच पट्ट्यातली एक गोष्ट. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघाली, की काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, सणसरचा मुक्काम होतो आणि पुढे बेलवाडीला पहिलं गोल रिंगण. नंतर इंदापुरातही रिंगण होतं. पताका घेतलेले वारकरी धावतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका धावतात, पखवाजवाले, टाळकरी, विणेकरी धावतात आणि मग अश्व दौडतात. धावणाऱ्यांत साठी-पासष्टीची माणसं भरपूर. रिंगण हा काही कुणाचा व्यायाम नाही. पण हृदयाच्या अंगानं पाहिलं तर तिथे एक रचना दिसते: देहूपासून आठवडाभराहून अधिक काळ संथ चाल, बोलता येईल, अभंग म्हणता येईल अशा दमाची, आणि मग मोजक्या वेळेची झपाट्याची धाव. त्या धावेच्या मागे कित्येक दिवसांची चाल असते. कित्येकांच्या बाबतीत तर वर्षानुवर्षांची.

जगातले चांगले लांब पल्ल्याचे धावपटूही असंच करतात. त्यांच्या सरावाचा सुमारे चार पंचमांश भाग आरामात गप्पा मारत करण्यासारखा असतो. जोराचा भाग थोडा, पण खरोखर जोराचा. आपल्या पोरांचं उलट आहे. त्यांचा सोपा दिवस पुरेसा सोपा नसतो आणि म्हणून अवघड दिवस पुरेसा अवघड होत नाही. माझ्या मते भरतीच्या उमेदवाराला आठवड्यात इंटरव्हलचे दोन दिवस पुरेत, त्यांच्यामध्ये किमान दोन दिवसांचं अंतर असावं, बाकीचे दिवस संथ धावणं आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. घड्याळ लावून सोळाशे दोन-तीन आठवड्यांतून एकदा.

रानात राबणाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, ‘‘आमचा व्यायाम रानातच होतो.’’ ऊस तोडणाऱ्या माणसाला हे म्हणायचा पूर्ण हक्क आहे. पण बांधापर्यंत मोटारसायकल, नांगराला ट्रॅक्टर आणि पाण्याला ठिबक आल्यावर बागायतदाराचं हृदय दिवसभरात फार वेळा कामाला लागतं, असं नाही. थकवा येतो, पण नाडी चढत नाही.

मग पन्नाशीच्या माणसानं हे करावं का? अमेरिकेत डॅलसला बेंजामिन लेव्हिन यांच्या गटानं ४५ ते ६४ वयाच्या, बैठं आयुष्य असलेल्या निरोगी माणसांना दोन वर्षं टप्प्याटप्प्यानं व्यायाम दिला. त्यात चार-चार मिनिटांचे टप्पेही होते, पण काही महिन्यांच्या साध्या व्यायामानंतर. २०१८ साली निकाल आला: प्राणवायूची क्षमता १८ टक्क्यांनी वाढली आणि डाव्या जवनिकेचा ताठरपणा लक्षणीय घटला. वयाबरोबर हृदयाची भिंत कडक होते, भरताना ताणत नाही; ते उलटवता येतं, पण उशीर करू नये, असा त्याचा अर्थ.

आजारी हृदयाबाबत उत्साह जरा आवरावा लागतो. २००७ साली ट्रॉन्डहाइममध्येच उल्रिक विस्लॉफ यांनी हृदय दुबळं झालेल्या २७ रुग्णांवर प्रयोग केला. सरासरी वय ७५. बारा आठवड्यांत इंटरव्हलवाल्यांची क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली, संथ चालणाऱ्यांची १४ टक्क्यांनी. जगभर गाजावाजा झाला. पण दहा वर्षांनी अनेक युरोपीय रुग्णालयांनी मिळून २६१ रुग्णांवर तोच विचार तपासला, तेव्हा इंटरव्हल मध्यम व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. एक कारण असं, की निम्म्या रुग्णांना सांगितलेल्या जोरापर्यंत पोचताच आलं नाही. पुढे ७० ते ७७ वयाच्या १५६७ नॉर्वेजियन माणसांचा पाच वर्षांचा अभ्यास २०२० मध्ये आला. इंटरव्हलच्या गटात मृत्यू ३ टक्के, मध्यम व्यायामाच्या गटात ५.९ आणि नेहमीसारखं राहणाऱ्यांत ४.७. आकडे इंटरव्हलच्या बाजूचे दिसतात, पण संख्याशास्त्राच्या निकषावर हा फरक पक्का ठरला नाही. मुळात नेहमीसारखं राहणारेही तिथे चांगले चालणारे होते. म्हणून क्षमता वाढवायला इंटरव्हल उत्तम, हे नक्की. आयुष्य वाढवायला तो चालण्यापेक्षा वरचढ, असं ठामपणे म्हणता येत नाही.

धोका किती? नॉर्वेतल्या पुनर्वसन केंद्रांत ४८४६ हृदयरुग्णांच्या पावणेदोन लाख तासांच्या व्यायामाची नोंद आहे. त्यात मध्यम व्यायामात एक मृत्यू आणि जोराच्या व्यायामात हृदय बंद पडण्याच्या दोन घटना. ते दोघंही वाचले. जोराच्या व्यायामाचे तास कमी होते, त्यामुळे तासामागे धोका तिथे जास्त, तरी एकूण फार थोडा. फक्त हे सगळं तपासणी झालेल्या रुग्णांवर, देखरेखीखाली झालं होतं. आपल्या मैदानावर ना तपासणी असते ना देखरेख. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा थंडावा टिकवण्यासाठी रक्त कातडीकडे वळतं, घामानं रक्तरस घटतो आणि त्याच वेगाला नाडी पंधरा-वीस ठोके वर जाते. उपाशीपोटी, रात्रीच्या प्रवासानंतर, तापातून उठून भरतीला धावणं हे तर उघड संकटाला बोलावणं आहे. ताप आणि अंगदुखी असताना हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. तेव्हा इंटरव्हल अजिबात नको.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, तंबाखू खाणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे अशांनी, त्यात वीस वर्षांची पोरंही आली, आधी डॉक्टरांना दाखवावं आणि ईसीजी काढावा. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यासाठी पुणं गाठायची गरज नाही. मग सहा ते आठ आठवडे रोज अर्धा तास झपझप चालणं. ते अंगवळणी पडलं की आठवड्यातून दोनदा, चालतानाच, एक मिनिट इतकं भरभर की तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, मग दोन मिनिटं सावकाश. असं सहा वेळा. आपल्याकडे चढ फारसे नाहीत, गुडघे दुखत असतील तर सायकल बरी. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी पुरेशी चढत नाही, म्हणून नाडीवर विसंबू नये, श्वासावर जावं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, श्रमाला न शोभणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काही झालं तर थांबायचं आणि १०८ ला फोन लावायचा. गॅस झाला असेल म्हणून घरी जाऊन पडायचं नाही.

आणि भरती झालेल्यांसाठी, तशीच न झालेल्यांसाठी एक गोष्ट. १९८४ साली एडवर्ड कॉइल यांनी मुरलेल्या खेळाडूंना सराव बंद करायला लावून मोजमाप केलं. पहिल्या तीन आठवड्यांतच क्षमता सात टक्क्यांनी घसरली आणि त्या घसरणीचं मुख्य कारण होतं ठोक्यामागचं घटलेलं रक्त. बारा आठवड्यांनी घट सोळा टक्क्यांवर गेली. मैदानी चाचणी होऊन लेखी परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या पोरांनी आठवड्यातून दोन दिवस जरी चार-चार मिनिटांचे टप्पे चालू ठेवले, तरी बरीचशी कमाई हातात राहते.